रथसप्तमीचे नमस्कार आणि अष्टमीचे कर्तव्य

माघ शुद्ध सप्तमीस तुळशीपुढे सूर्याच्या रथाची रांगोळी रेखली जाते, गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध उतू जाऊ दिले जाते आणि पुण्यनगरीत ठिकठिकाणी सामुदायिक सूर्यनमस्कार घातले जातात. हे सारे मंगल आहे. परंतु अष्टमीच्या पहाटे त्यांतील किती जण पुन्हा उभे राहतात? व्यायाम हे नैमित्तिक कर्म नव्हे. ते स्नानसंध्येसारखे नित्यकर्म आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मधुमेह हा आजकालचा रोग, ही समजूत बरोबर नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात सांगितले आहे की, जो खाण्याविषयी हावरा आणि स्नान व चालणे यांचा द्वेष्टा, त्याच्याकडे प्रमेह त्वरेने येतो, पक्षी घरट्याच्या झाडाकडे यावा तसा. सुश्रुताने तर निर्धन प्रमेह्यास मुनिवृत्तीने शंभर योजने चालावयास सांगितले. चालणे हेच त्याचे औषध.

‘आम्ही सडपातळ; आम्हांस व्यायाम कशाला?’ या प्रश्नास पुण्यातच उत्तर मिळाले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळील खेड्यांत आरंभिलेल्या अभ्यासात असे आढळले की, इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेत आपली बालके वजनाने हलकी, तरी देहातील चरबीचे प्रमाण मात्र अधिक. तेव्हा कृश दिसणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. स्नायू हालू लागले की, इन्शुलिनचा प्रभाव मंदावलेला असतानाही ते रक्तातील साखर ओढून घेतात. हा लाभ साधारण एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून वर्षातून एकदा घातलेल्या १०८ नमस्कारांहून रोजचे १२ श्रेष्ठ होत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनाही तो लागू आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून देवदेवेश्वराचे दर्शन घ्यावे. त्या पंचायतनात सूर्यनारायणही आहे. मात्र वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे म्हटले आहे, ते विसरू नये.

शास्त्राचे मर्म घ्यावे, विवेक सोडू नये. सुश्रुताने अनवाणी चालावयास सांगितले, तरी ज्याच्या पायांची संवेदना गेली आहे त्याने पादत्राण घालावेच. इन्शुलिन वा गोळ्या घेणाऱ्याने उपवासाच्या दिवशी वैद्यांस विचारल्यावाचून श्रम करू नयेत. साखर एकाएकी उतरते.

आणखी एक सांगितले पाहिजे. ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ असे म्हणून आपण गृहिणीचा हक्क बुडवितो. ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे म्हणजे झपझप चालणे नव्हे. फुले, चंदन, नैवेद्याची तयारी इतरांनी करावी आणि तिला अर्धा तास मोकळा द्यावा. तोही देवास पोचणारा नैवेद्यच आहे.

‘वय झाले, गुडघे चालत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांस कीर्तनात मी अरुणाचा दृष्टांत देतो. सूर्याचा हा सारथी अनूरु, म्हणजे मांड्यांवाचून जन्मलेला. तरी त्याचा रथ एक दिवसही चुकत नाही. ज्यास चालवत नाही, त्याने बसून हात हलवावेत, जमेल तेवढेच करावे. पण रोज करावे. सप्तमीचा संकल्प अष्टमीस पाळला, तरच सूर्योपासना पुरी झाली.