मंद यंत्राचें दुखणें

घरांतील संगणक जुना झाला, सुरू होण्यासच पाव तास घेतो, आणि दुकानदार म्हणतो कीं, "आतां नवाच घ्या". तर आम्हीं काय करावें, अशी पृच्छा अनेक वाचक व वाचकभगिनी आमच्याकडे करीत असतात. वरवर पाहतां प्रश्न क्षुल्लक आहे. परंतु त्यांत तीस-चाळीस हजार रुपयांची गोष्ट असते, आणि क्वचित् प्रसंगीं रुपयांनीं भरून न येणारी वस्तूही पणास लागलेली असते. खामगांवीं एका वैशाखांत आम्हांस जो अनुभव आला, तो या दृष्टीनें बोधप्रद वाटल्यावरून या खेपेस तोच सांगण्याचें योजिलें आहे.

खामगांव ही बुलढाणा जिल्ह्यांतील कापसाची जुनी पेठ. मुंबईहून भुसावळमार्गें नागपुराकडे जाणारी आगगाडी मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव अशी निघून जाते. खामगांवास जाण्यासाठीं जलंबहून एक आखूड फांटा काढलेला आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबईस पोंचावा म्हणून काढलेला हा फांटा इ. स. १८७० मध्यें लॉर्ड मेयो यांच्या हस्तें उघडला गेला. या फांट्याचें आम्हांस पुढें काम पडणार आहे, म्हणून त्याचा उल्लेख येथेंच करून ठेवतों.

त्या गांवीं आमचे एक स्नेही राहतात. मुख्याध्यापकीवरून निवृत्त झाल्यामुळें सारे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांचे पूर्वज घाटावर मेहकरकडील एका खेड्याचे कुळकर्णी. त्यामुळें मोडी कागदांचें एक दप्तर पिढ्यान् पिढ्या घरांत चालत आलेलें. निवृत्तीनंतर गुरुजींनीं तें दप्तर सोडून एकेक कागद बाळबोधींत उतरविण्यास आरंभ केला. सात वर्षें रोज सकाळीं पूजा आटोपली कीं ते संगणकापुढें बसत, तें जेवणाची हांक येईपर्यंत. कित्येक कागद कसरीनें इतके खाल्ले होते कीं, एकदां उलगडून वाचल्यावर त्यांचे तुकडेच हातीं राहिले. अर्थात् त्या मजकुराची जगांत उरलेली एकच प्रत त्या यंत्राच्या पोटांत होती.

आम्ही गेलों तेव्हां घरांत चर्चा चालू होती ती याच यंत्राची. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी कुकर चढवतें, तीन शिट्ट्या होऊन भात उतरतो, तरी ह्यांचें यंत्र जागें होत नाहीं." शेगांवीं अभियांत्रिकी शिकणारा नातू सुटीस आलेला होता. त्यानें दुकानदारास विचारून तोडगा ठरवून टाकला होता: यंत्र फॉरमॅट करावयाचें, म्हणजे सर्व पुसून विंडोज नव्यानें घालावयाचें. दुकानांतील माणूस दुसऱ्याच दिवशीं सकाळीं येणार होता. "आजोबांचें काम डी ड्राइव्हवर आहे, तिला हात लागणार नाहीं," असें नातू म्हणाला. आम्हीं गुरुजींना विचारलें, "आपले कागद नेमके कोठें ठेवतां?" त्यांनीं पडद्यावर बोट ठेवून सांगितलें, "येथें, अगदीं डोळ्यांसमोर." म्हणजे डेस्कटॉपवर! आणि डेस्कटॉपवर ठेवलेली वस्तु सामान्यतः सी ड्राइव्हमध्येंच असते. जी पुसली जाणार होती तीच ही जागा. नातवाचा चेहरा उतरला.

येथवर आमचा शहाणपणा खरा. पण यापुढें आम्हीं स्वतःच चूक केली, ती वाचकांपासून लपविणें योग्य नव्हे. वास्तविक त्याच क्षणीं सर्व मजकुराची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढावयास हवी होती. परंतु यंत्र इतकें मंद कीं, आधीं त्यास थोडें हलकें करावें, मग नक्कल लौकर होईल, असा आम्हीं विचार केला. एकेक सेटिंग बदलूं लागलों आणि पाठोपाठ साफसफाईचें काम सुरू केलें. दहा मिनिटांनीं यंत्र जागच्या जागीं थिजलें, आणि आंतून टक्-टक् असा बारीक आवाज येऊं लागला. तो ऐकतांच आम्हीं हात आंवरला. यंत्राला म्हातारपण आलें नव्हतें, त्याची हार्ड डिस्क आजारी होती, आणि आम्ही आजाऱ्यास दवा देण्याऐवजीं दंड-बैठका काढावयास लावीत होतों.

संगणक मंद कां होतो हें समजण्यास त्याच्या अंगांतील तीन भाग ओळखावे लागतात. हिशेब करणारा तो प्रोसेसर. रॅम म्हणजे स्वयंपाकघरांतील ओटा: चालू कामाचें सामान येथें मांडलेलें असतें. हार्ड डिस्क म्हणजे माळा: सांठवण सारी तेथें. ओटा लहान असला कीं प्रत्येक जिन्नसासाठीं माळ्यावर चढउतार करावी लागते. तसेंच रॅम अपुरी पडली कीं यंत्र डिस्कच्याच एका कोपऱ्याचा रॅमसारखा उपयोग करूं लागतें. आणि हार्ड डिस्क ही फिरती तबकडी आहे. मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे ती घेत असली, तरी हवी ती जागा सांपडण्यास तिला सुमारें एक शतांश सेकंद लागतो. प्रोसेसरच्या मानानें हा काळ फार मोठा. मुख्य मार्गावरून मेल कितीही वेगानें येवो, खामगांवचा उतारू घरीं पोंचावयाचा तो जलंबच्या फांट्याच्याच गतीनें. जुन्या यंत्रांत पुष्कळदा हा फांटाच अडलेला असतो.

तो अडला आहे कीं नाहीं, हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे आंकडे दिसतात. मेमरीचा आंकडा सतत नव्वदाच्या वर असेल तर ओटा लहान आहे. डिस्कचा आंकडा शंभरावर खिळून राहिला आणि प्रत्यक्ष वाचन-लेखन मात्र अगदीं थोडें चाललें असेल, तर डिस्क निकामी होत असल्याचा संशय घ्यावा. गुरुजींच्या यंत्रांत नेमकें हेंच दिसत होतें; आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. क्रिस्टलडिस्कइन्फो नांवाचें एक विनामूल्य साधन डिस्कची प्रकृति एका शब्दांत सांगतें: चांगली, सावध, किंवा वाईट. तें आधीं लावून पाहिलें असतें तर पुढील रात्र निर्वेध झोपेंत गेली असती.

ती रात्र आम्ही तिघांनीं यंत्राजवळ बसून काढली. यंत्र बंद करून निवूं दिलें, आणि बाहेरची डिस्क जोडून प्रथम केवळ मोडीच्या कागदांची नक्कल चालविली. छायाचित्रें, गाणीं, सारें मागाहून. पहांटे चारच्या सुमारास काम संपलें. दोन फाइली कांहीं केल्या वाचल्या गेल्या नाहींत. एकीचा मूळ कागद दप्तरांत शाबूत होता. दुसरीचा नव्हता, तो कसरीनें खाल्लेल्यांपैकीं होता. गुरुजी बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग एवढेंच म्हणाले, "बाकीचे मिळाले ना? मग झालें." वहिनींनीं चहा पुढें ठेवला, आणि नातू दुकानदारास येऊं नका म्हणून सांगावयास उठला.

पुढें त्या यंत्रांत जुन्या डिस्कच्या जागीं एसएसडी बसविली. तींत फिरणारी तबकडी नसते, आणि हवी ती जागा सांपडण्यास तिला सुमारें सेकंदाचा दहाहजारावा भाग पुरतो. रॅम चार जीबीची होती ती आठ केली. एवढ्यानें तेंच यंत्र मिनिटाच्या आंत कामास तयार होऊं लागलें, आणि खर्च आला तो नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा अंशाइतकाच. जुन्या यंत्रास देण्याजोगें याहून गुणकारी औषध आम्हांस ठाऊक नाहीं.

परंतु डिस्क निरोगी असून केवळ ओझ्यानें यंत्र मंद झालें असेल, तर पुढील फेरफार घरच्या घरीं व बिनखर्चानें करतां येतात. अर्थात् नक्कल काढून ठेवल्यानंतरच!

पहिला फेरफार टास्क मॅनेजरांतील 'स्टार्टअप' या सदराचा. यंत्र सुरू होतांच आपण होऊन जागे होणारे सारे कार्यक्रम तेथें दिसतात, आणि कोणाचा भार किती हेंही शेजारीं लिहिलेलें असतें. नको त्यावर माउसची उजवी कळ दाबून 'डिसेबल' करावें. तो कार्यक्रम नाहींसा होत नाहीं, बोलावल्यावांचून येत नाहीं इतकेंच. गुरुजींच्या यादींत केव्हांच मोडीत गेलेल्या छपाईयंत्राचा एक साहाय्यक होता, आणि दोन अँटिव्हायरस होते. एका दारावर दोन पहारेकरी ठेवले कीं येणाऱ्याजाणाऱ्याची झडती दोनदां होते. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती वापरास पुरेसा आहे. मराठी टंकलेखनाचें साधन मात्र या यादींतून काढूं नये.

दुसरा फेरफार पडद्यावरील शोभेचा. 'धिस पीसी'वर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', तेथून 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज', आणि मग 'परफॉर्मन्स'खालील 'सेटिंग्ज' असें जावें. 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडलें म्हणजे खिडक्यांच्या सांवल्या व सरकणें-विरघळणें सर्व थांबतें. त्यांत 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फाँट्स' या ओळीपुढील खूण परत करावी. नाहींतर आपलीं जोडाक्षरें करवतीच्या दांत्यांसारखीं दिसूं लागतात व वडील माणसांच्या डोळ्यांस ताप होतो.

तिसरें काम साफसफाईचें. 'डिस्क क्लीनअप'नें तात्पुरत्या फाइली खुशाल काढाव्या. परंतु यादींत 'डाउनलोड्स' असें नांव दिसल्यास त्यापुढें खूण करूं नये. लग्नमुंजींचीं छायाचित्रें आणि डाउनलोड केलेले सातबाराचे उतारे पुष्कळ घरांत तेथेंच पडून असतात. 'डीफ्रॅगमेंट' करण्याचा सल्ला कोणी देतात. तो फिरत्या तबकडीपुरताच खरा, एसएसडीस तो लागूं नाहीं.

चौथी गोष्ट सेटिंगची नव्हे, पण घाटाखालील वाचकांनीं ती विशेष ध्यानांत धरावी. वैशाखांत मलकापूर-खामगांवकडे पारा चाळीसच्या वर जातो, आणि जिनिंगच्या गांवीं कापसाचा तंतु हवेंतच असतो. तो पंख्यांत बसला कीं प्रोसेसर तापतो, आणि जळूं नये म्हणून स्वतःच आपली गति कमी करतो. वर्षांतून दोनदां वीज तोडून मऊ कुंचल्यानें तो पंखा स्वच्छ करावा.

इतकें करूनही एक मर्यादा राहतेच. विंडोज १० ची नित्याची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ साठीं टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती बऱ्याच जुन्या यंत्रांत नाहीं. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करूं नयेत. लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली घालून तेंच यंत्र लेखन-वाचनासाठीं ठेवतां येतें. मात्र जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्यें टंकलेला मजकूर असेल, तर तो फाँटही जपून ठेवावा किंवा मजकूर युनिकोडमध्यें आणून घ्यावा. नाहींतर फाइल शाबूत असूनही वाचतां यावयाची नाहीं.

गुरुजींचें काम पूर्ववत् चालू आहे. गेलेल्या कागदाचा मजकूर त्यांनीं आठवेल तितका लिहून काढला आणि माथ्यावर "स्मरणावरून" असा शेरा मारला. आतां दर एकादशीस साऱ्या फाइलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर निघते, आणि ती डिस्क वहिनींच्या कपाटांत, दागिन्यांच्या डब्याशेजारीं, कुलुपांत राहते. किल्ली त्यांच्याच कमरेला असते. आमच्या वाचकभगिनींनींही आपापल्या घरीं अशी कांहीं व्यवस्था आहे कीं नाहीं, हें आजच विचारून पाहावें, एवढी विनंति करून हा लेख येथें पुरा करतों.