शेतकऱ्याची खतावणी

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. मोटारभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. रुपया किलो हा भाव कोणत्याही हिशेबाने सावरला नसता, हे आम्हांस मान्य आहे. परंतु माल गाडीत भरण्यापूर्वी भाडे व भाव यांची वजाबाकी करावयास आपल्या शेतकऱ्यास शिकवितो कोण?

पहिले कृषि विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीस निघाले. आज देशात अशी सातशेंहून अधिक केंद्रे आहेत. बियाणे, खते व फवारणी यांवर तेथे व्याख्याने पुष्कळ. जमाखर्चाच्या वाट्यास वेळ थोडा. आमच्या व्यापारी वाचकांस रोजकीर्दीवाचून एक दिवस तरी दुकान चालविता येईल काय? शेतकरी मात्र घरच्या माणसांची मजुरी, स्वतःच्या जमिनीचा खंड, अवजारांची झीज यांतले काहीच खर्ची न धरता उरलेल्या रोखीस नफा समजतो.

२०२० साली सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याचा संकल्प सोडला. ज्या संचालकास ताळेबंद वाचता येत नाही, तो सही कशावर करणार?

शेतकरी हिशेबी झाला तर आपले नुकसान, असे काही व्यापाऱ्यांस वाटेल. ही समजूत कोती आहे; उधारी बुडते ती बेहिशेबी गिऱ्हाइकाकडेच. शिबिरास येताना प्रत्येकाने, शेतकरीण बायकांनीही, गेल्या हंगामाची हिशेबपट्टी आणावी, व एखाद्या जुन्या मुनिमाने तीवरूनच धडा द्यावा. आठवड्यास एक दिवस असा मुनीम सोडणारे दहा दुकानदार आपल्या शहरात निघतील काय?