पायथनच्या उंबरठ्यावर थांबायला हवे

शिरड शहापूर ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. तिच्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतील लायगोने 2015 मध्ये टिपलेल्या पहिल्या लहरीची माहिती आज कोणालाही मोफत उतरवून घेता येते. ती तपासण्याचे नमुना प्रोग्रॅम पायथन भाषेत आहेत. पण त्यांना लागणारे ‘नमपाय’ पायथनबरोबर येत नाही, वेगळे घ्यावे लागते.

पायथनबरोबर आपोआप मिळणाऱ्या मॉड्यूल्सचा संच म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी. जिथे इंटरनेट रडतखडत चालते, तिथे शिकणाऱ्याच्या हाती तेवढेच असते. मग उपयोगी ते सगळे आतच का घेऊ नये?

कारण आत आलेले बाहेर काढणे फार जड जाते. सीजीआय, टेलनेटलिब अशी 19 जुनाट मॉड्यूल्स हटवण्याचा प्रस्ताव 2019 मध्ये आला. ती प्रत्यक्षात गेली ऑक्टोबर 2024 च्या 3.13 आवृत्तीत. तोवर त्यांचे ओझे मोजक्या, बहुतांशी स्वयंसेवी लोकांनी वाहिले. शिवाय पायथनची नवी आवृत्ती वर्षातून एकदाच येते. नमपायसारखे वाढते काम त्या वेळापत्रकाला बांधले तर त्याचीच वाढ खुंटेल.

म्हणून मॉड्यूलने आधी बाहेर मुरावे, ते सांभाळणारी माणसे ठरलेली असावीत आणि मगच दार उघडावे. ‘असिंकआयओ’ 2014 मध्ये आले ते तात्पुरते म्हणून. कायम झाले 2016 मध्ये. 2022 मध्ये आलेले ‘टॉमललिब’ तर टॉमल फाइल फक्त वाचते, लिहीत नाही. एवढी कंजुषी कशाला, असे वाटेल. पण वाचण्याची रीत ठरलेली होती, लिहिण्याबाबत मतभेद होते. जेवढे पक्के, तेवढेच घेतले. हेच योग्य.

एक प्रश्न मात्र निर्णय घेणाऱ्यांनी आवर्जून विचारावा: नेटवर्क नसलेल्याचे यावाचून किती अडते? टॉमललिब आत घ्यायला असेच एक कारण होते. पॅकेज बसवणाऱ्या साधनांनाच ती फाइल वाचावी लागते, आणि वाचणारे मॉड्यूल बाहेरून आणायचे तर ते बसवणार कशाने?

बाकीच्यांसाठी ‘पिप’ 2014 पासून पायथनसोबतच मिळते. नमपायची फाइल चांगले नेटवर्क असेल तिथे एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर आणली, की तीच विंडोज आणि पायथनची तीच आवृत्ती असलेल्या शाळेतल्या सगळ्या संगणकांवर इंटरनेटशिवाय बसते.