लाल की निळा?

गेल्या रविवारी मी सकाळी पंच होते आणि दुपारी स्पर्धक. लहान स्पर्धांमध्ये माणसं कमी पडतात, म्हणून असं चालतं.

मी मूळची खमरियाची. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत होते आणि मी वसाहतीतल्या कराटेच्या वर्गात. "मुलीला हे कशाला?" असं विचारणाऱ्या शेजारच्या काकूंनी दोन महिन्यांनी स्वतःच्या मुलीलाही तिथेच आणून सोडलं. ते असो.

कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत. आठ बाय आठ मीटरची मॅट, मध्ये रेफरी आणि चार कोपऱ्यांत चार जज. आमच्या दोन हातांत दोन झेंडे असतात, एक लाल, एक निळा. ठोशाला एक गुण, पोटावरच्या लाथेला दोन आणि डोक्यावरच्या लाथेला तीन. दोन जजनी एकाच रंगाचा झेंडा वर केला की रेफरी लढत थांबवून गुण देतो. तो दुसरा झेंडा किती जड असतो, हे रविवारी कळलं.

बारा वर्षांच्या मुलींची लढत होती. निळी २-१ ने पुढे, शेवटचे दहा सेकंद उरलेले. लालने लाथ फिरवली, पण तिची पाठ माझ्याकडे होती. लाथ कुठे लागली ते मला दिसलंच नाही. फट् असा आवाज मात्र आला, पालक ओरडले, समोरच्या जजचा झेंडा वर गेला आणि माझाही हात वर गेला. लाल ३-२ ने जिंकली. न दिसलेल्या गुणाला झेंडा द्यायचा नसतो, हे मी स्वतःच नवख्या जजना शिकवते!

पंचाचं काम सोपं नाही, हे जगाने ७ ऑगस्ट २०२१ ला पाहिलं. टोकियो ऑलिंपिकच्या ७५ किलोवरील अंतिम लढतीत सौदीचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या मानेवर इतकी जोरात बसली, की तो बेशुद्ध पडला. हमेदी बाद झाला आणि स्ट्रेचरवरून गेलेल्या गंजजादेला सुवर्णपदक मिळालं. कराटेत फटक्यावर ताबा असावा लागतो, त्यामुळे मला तो निर्णय पटतो. आमच्या घरी मात्र यावरून आजही वाद होतो.

दुपारी पस्तिशीपुढच्या महिलांच्या गटात मी बासाई-दाई हा काता केला. पाच झेंड्यांपैकी दोन माझे, तीन समोरचीचे. "त्या कोपऱ्यातल्याला काय दिसलं असेल?" असं मी पुटपुटले आणि लगेच गप्प झाले.

मग त्या निळ्या पट्ट्यावाल्या मुलीला शोधलं. ती आईबरोबर पायरीवर पोहे खात होती. मी म्हणाले, "बेटा, ती शेवटची लाथ मला नीट दिसली नव्हती. मी झेंडा द्यायला नको होता."

तिची आई माझ्याकडे बघतच राहिली. पोरीने बाही वर करून कोपर दाखवलं. चांगलं सुजलं होतं.

"मला माहीत होतं, आँटी. पोटाला नाही, इथे लागली होती."

मी बर्फ आणायला गेले.