भिंतीवरचं प्रमाणपत्र

मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही की घरचे म्हणतात, "मग डी.फार्म. करून टाक." 'करून टाक' या दोन शब्दांतच पुढचं सगळं आलं. २ वर्षं अभ्यास, ५०० तासांचं प्रशिक्षण, नोंदणी. मग लग्न. तालुक्याच्या गावांत काम करताना मी पाहते, औषधाच्या दुकानात सुनेचं प्रमाणपत्र चौकटीत टांगलेलं असतं, गल्ल्यावर दीर बसतो आणि सून आत भाकऱ्या थापते. १९४८च्या फार्मसी कायद्याने औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. म्हणजे गिऱ्हाइकाचीही फसवणूक. (स्थळ बघताना तिची नोंदणी हुंड्यात धरल्यासारखी मोजली जाते, ते वेगळंच.)

मैत्रिणींनो, डिप्लोमापाशी वाट संपत नाही. डी.फार्म. झालेल्या मुलीला बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ३ वर्षांत पदवी, पुढे जीपॅट देऊन एम.फार्म. मग औषधांची प्रत तपासणारी प्रयोगशाळा आहे, संशोधन आहे. गोळी किती मिनिटांत विरघळते हे मोजणं तिच्या आवाक्याबाहेरचं नाही. तिथवर तिला जाऊ देणं घराच्या आवाक्याबाहेरचं ठरतं. घरच्यांना दुकान चालवायला डिप्लोमा पुरतो, म्हणून तिलाही तो पुरला पाहिजे, हा हिशेब मला मान्य नाही.

महाविद्यालयांनी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी पालकांना बोलावून ही तरतूद समजावून सांगावी. आणि स्थळाकडून दुकानाचा विषय निघाला, तर आपण तिथेच विचारावं : दुकानात बसणार कोण? पगार कुणाच्या खात्यात?