पडद्यावर कोणती भाषा?

जानेवारी १९१६ मधली गोष्ट. कॅनडाच्या राजधानीत, ओटावा शहरात, एका शाळेच्या दारात काही फ्रेंच भाषक आया पहारा देत उभ्या होत्या. त्यांची शस्त्रे म्हणजे टोपीला लावायच्या लांब पिना आणि घरातल्या कात्र्या! ऑन्टारियो प्रांताच्या सरकारने १९१२ साली 'नियम १७' काढला आणि पहिल्या दोन वर्षांनंतर शाळेत फ्रेंचमधून शिकवण्यावर जवळजवळ बंदीच घातली. बेआत्रिस आणि दियान देलोज या दोघी बहिणी तरीही फ्रेंचमध्ये शिकवत राहिल्या, आणि त्यांना कोणी वर्गाबाहेर काढू नये म्हणून या गृहिणी दारात ठाकल्या. १९२७ साली सरकारला तो नियम गुंडाळून ठेवावा लागला.

कॅनडातले फ्रेंच म्हटले की आपल्याला क्वेबेक आठवते. पण क्वेबेकच्या बाहेरही सुमारे दहा लाख फ्रेंच भाषक राहतात. न्यू ब्रन्सविकमधले अकेडियन, उत्तर ऑन्टारियोतल्या खाणींच्या आणि लाकूडतोडीच्या गावांतली कुटुंबे, विनिपेगच्या सेंट बोनिफेस भागातले जुने रहिवासी. क्वेबेकबाहेरच्या लोकसंख्येत १९७१ साली यांचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास होते. २०२१ च्या जनगणनेत ते शेकडा चारच्याही खाली आले.

मधल्या काळात कायद्याने त्यांना पुष्कळ दिले. १९६९ साली इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही राजभाषा झाल्या. १९८२ च्या हक्कांच्या सनदेने अल्पसंख्य राजभाषेतून शिकण्याचा हक्क दिला, आणि एडमंटनच्या पालकांनी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली आपल्या शाळांचा कारभार पाहण्याचा अधिकारही मान्य केला. अट एकच: संख्या पुरेशी हवी. खरी अडचण येथेच आहे. ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत महाराष्ट्राच्या सुमारे तिप्पट आकाराचा, आणि त्यातल्या सगळ्या फ्रेंच शाळा पाहणारे मंडळ एकच. या गावात चार मुले, शंभर कोसांवर आणखी पाच. त्यांच्यासाठी भौतिकशास्त्राचा फ्रेंच शिक्षक कोठून आणायचा?

संगणक आणि इंटरनेट यांचे मोल अशा ठिकाणी कळते. विखुरलेली नऊ मुले तारेच्या टोकांशी बसली की त्यांचा एक वर्ग होतो. कॅनडाच्या सरकारने हे वेळीच ओळखले. १९९५ पासून गावोगावच्या वाचनालयांत आणि सभागृहांत सार्वजनिक इंटरनेट केंद्रांना मदत मिळू लागली. १९९९ पर्यंत देशातल्या शाळा आणि ग्रंथालये जोडली गेली. त्याच सुमारास केंद्राच्या उद्योग खात्याने फ्रेंच भाषक संस्थांसाठी वेगळी योजना काढली. तुमची माहिती, तुमचे धडे, तुमचे व्यवहार फ्रेंचमध्ये इंटरनेटवर आणा, आम्ही पैसे देतो, असा तिचा अर्थ. ऑन्टारियोची टीएफओ ही फ्रेंच शैक्षणिक वाहिनी तर १९८७ पासूनच होती. पुढे तिने आपले कार्यक्रम इंटरनेटवर आणले.

कोणी विचारील, या बहुतेकांना इंग्रजी उत्तम येते. मग हा खर्च कशाला? माझे उत्तर असे की, भाषा येणे वेगळे आणि भाषेला काम असणे वेगळे. ज्या भाषेत अर्ज भरता येत नाही, खेळ खेळता येत नाही, गृहपाठाची शंका विचारता येत नाही, ती हळूहळू आजीशी बोलण्यापुरती उरते. आजी गेली की तेही संपते.

मात्र सरकारी मदतीचे एक दुखणे आहे. ती प्रकल्पाला मिळते आणि प्रकल्पाला मुदत असते. सार्वजनिक केंद्रांचे केंद्रीय अनुदान २०१२ साली थांबले. फ्रेंच संस्थांसाठीची ती योजनाही आज चालू नाही. शाळेची इमारत बांधली की पन्नास वर्षे उभी राहते. इंटरनेटवरचे धडे रोज कोणी झाडले-पुसले नाहीत, तर चार वर्षांत ओसाड पडतात. पैसा उपकरणांवर जातो. लिहिणारा, शिकवणारा, दुरुस्त करणारा माणूस मात्र मुदत संपताच घरी जातो. भाषेचे अनुदान पाणीपट्टीसारखे नियमित हवे, लग्नाच्या आहेरासारखे एकदाच दिलेले नको. २०२३ च्या नव्या कायद्याने उत्तर अमेरिकेत फ्रेंच अल्पसंख्य आहे आणि इंग्रजीच्या वरचष्म्यापुढे तिला जपावे लागेल, हे स्पष्ट मान्य केले. त्या कबुलीमागे सातत्याचा पैसा उभा राहतो का, हे पाहायचे.

आपल्यालाही हे परके नाही. राज्यघटनेच्या ३५० अ या कलमाने १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे राज्यांना सांगितले आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथल्या मराठी घरांना ते लागू आहे, तसेच महाराष्ट्रातल्या कन्नड, गुजराती, तेलुगू, उर्दू भाषकांनाही. तेथेही शेवटी पटावरच्या संख्येपाशीच गाडे अडते. दोन-चार गावांतली मुले एका वर्गात जोडायला आज तंत्र आहे. त्या वर्गाला कायमचा शिक्षक देण्याची इच्छा हवी. ही मागणी आपण मराठीसाठी परप्रांतात करणार असू, तर ती आपल्या प्रांतातल्या इतरांसाठीही करायला हवी.

ओटावाच्या आयांना आपला विरोधक दिसत होता. तो शाळेच्या दारातून येणार होता. आज मोठी भाषा दार ठोठावत नाही. ती मुलाच्या हातातल्या पडद्यावर असते, गोड असते, आणि कोणावर सक्तीही करत नाही. तिला अडवण्यात अर्थ नाही, आणि तसे करूही नये. त्याच पडद्यावर मुलाला आपल्या भाषेतही तितकेच हवेहवेसे काही सापडेल, एवढे मात्र करता येते. घरात ती भाषा बोलणे हे आईबापांचे काम; घराबाहेर आणि पडद्यावर तिला जागा ठेवणे हे सरकारचे. एकाने आपला वाटा टाळला, तर दुसऱ्याचे कष्ट फुकट जातात.