फळ पिकते खोक्यात

भिलाई-3 च्या बाजारात ट्रकने येणाऱ्या कच्च्या आंब्याचे भवितव्य बरेचसे खोक्यातच ठरते. तोडलेले फळही श्वसन करते, इथिलीन सोडते. हवाबंद प्लॅस्टिकमध्ये ओल आणि कार्बन डायऑक्साइड कोंडतात. साल हिरवीच राहते, गर आंबतो, देठापाशी काळा डाग पडून बुरशी धरते. भोके असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात हवा खेळती राहते, फळ एकसारखे पिकते. असा खोका महाग पडतो, हा व्यापाऱ्यांचा आक्षेप खरा; पण नासक्या फळांचा भुर्दंड शेवटी त्यांनाच बसतो. फळ लवकर पिकवायला खोक्यात कार्बाइडची पुडी ठेवणे हा उपाय नव्हे, त्यावर कायद्याने बंदी आहे. त्याऐवजी फळ पिकवण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 100 पीपीएमपर्यंत इथिलीन वायूला मुभा दिली आहे. भिलाई-चरोदा महापालिकेने आंब्याच्या हंगामापूर्वी खोके तपासावेत आणि कार्बाइड वापरणाऱ्यांवर कारवाई करावी.